कायमची बंदी

तुम्ही ऑनलाइन गेम खेळत नसाल, पण घरातलं कुणीतरी खेळतच असेल. एखाद्या सकाळी त्याचं अकाउंट बंद झालं, तर "बरं झालं, आता अभ्यास कर" म्हणून विषय संपवू नका.

माझं वय छत्तीस. सॅन डिएगोत पोस्टडॉक करते. दर शुक्रवारी रात्री साडेनऊला, म्हणजे उन्हाळ्यात सांगलीतल्या शनिवारी सकाळी दहाला, धाकटा भाऊ आणि मी एक नेमबाजीचा गेम खेळायचो. फोनवर आमचं "जेवलास का?"च्या पुढे कधी जात नाही. त्याची नोकरी गेल्याचं मला कळलं ते हेडफोनमधून, गोळ्या झाडता झाडता. एप्रिलमध्ये स्क्रीनवर सूचना आली: लबाडीचं सॉफ्टवेअर वापरल्याबद्दल कायमची बंदी. असलं सॉफ्टवेअर मी कधी डाउनलोडसुद्धा केलेलं नाही.

रिव्ह्यूअरला लिहावं तसं मुद्देसूद अपील केलं. कोणता सामना, कोणती तारीख, कोणता पुरावा? चार मिनिटांत उत्तर आलं: सखोल तपासणीनंतर निर्णय कायम. (आमच्या जर्नलवाल्यांनी यातला थोडा वेग घ्यावा.)

पुरावा दाखवला तर खरे लबाड तो चुकवायला शिकतील, हे कंपन्यांचं म्हणणं मला पटतं. पण यंत्रं चुकतात. जुलै 2010 मध्ये व्हॉल्व्ह कंपनीच्या यंत्रणेने 'मॉडर्न वॉरफेअर 2'च्या सुमारे 12,000 निर्दोष खेळाडूंवर बंदी घातली. नंतर ती उठवली, माफी मागितली, वर एक गेम फुकट दिला. ऑक्टोबर 2023 मध्ये एएमडीच्या ग्राफिक्स ड्रायव्हरमधली एक सोय चालू ठेवली म्हणून 'काउंटर-स्ट्राइक 2'चे खेळाडू बाद झाले. एएमडीला ती सोय मागे घ्यावी लागली. तिथे एकाच कारणाने अनेकजण अडकले, म्हणून चूक दिसली. एकटादुकटा अडकला तर?

साधा हिशेब करा. समजा लाखात हजार लबाड आहेत. यंत्राने त्यातले 950 पकडले आणि उरलेल्या 99,000 प्रामाणिकांपैकी फक्त एक टक्का चुकून धरले, तरी ते 990 होतात. पकडलेल्यांत निम्म्याहून जास्त निर्दोष! खरी यंत्रं याहून कितीतरी अचूक असतील, पण किती, ते बाहेर कुणाला तपासता येत नाही.

विकत घेतलेला गेम आपला नसतो, परवाना असतो. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2025 पासून डिजिटल विक्रेत्यांना हे ग्राहकाला स्पष्ट सांगावं लागतं. याच राज्याच्या गोपनीयता कायद्याने मोठ्या कंपनीकडून स्वतःची माहिती मागता येते. 45 दिवसांत उत्तर द्यावं लागतं, मुदत आणखी 45 दिवस वाढू शकते. तुम्ही इथे राहत असाल तर अपिलाबरोबर हा अर्जही करा. मी केला.

एकेचाळिसाव्या दिवशी फाइल आली. बंदीचं कारण त्यात नव्हतं, सुरक्षेच्या नावाखाली वगळलेलं. लॉगिनच्या तारखा होत्या आणि भावासोबत खेळलेल्या सामन्यांची यादी: सहा वर्षांत 1,412. ती जोडून दुसरं अपील पाठवलंय, माणसाने वाचावं अशी विनंती करून.

भावाला यादी पाठवली. त्याने विचारलं, "यातले जिंकलो किती?" गेल्या शुक्रवारी साडेनऊला त्याचा फोन आला. पहिली पाच मिनिटं दोघंही गप्प होतो. मग तो म्हणाला, "बुद्धिबळ येतं ना तुला अजून?"