साडूंची माथेरान

निवृत्त झालेल्या माणसाला साधारण तीन वाटा मोकळ्या असतात. कोणी अध्यात्माकडे वळतो, कोणी सोसायटीच्या कमिटीकडे, आणि कोणी वर्तमानपत्रांना पत्रं लिहू लागतो. इंग्लंडात चौथीही वाट आहे. तिथला निवृत्त माणूस घरामागच्या बागेत रूळ टाकतो आणि त्यावरून आगगाडी सोडतो. पोरखेळ म्हणावा, तर त्या रुळांभोवती एकही पोर नसतं. सगळे सत्तरीच्या पुढचे!

या छंदाचं शास्त्र चांगलंच कडक आहे. जर्मनीतल्या लेमान कंपनीनं १९६८ साली ४५ मिलिमीटर अंतराच्या रुळांवर, उघड्या बागेत धावणारी गाडी बाजारात आणली. इंग्रज मंडळींचं आणखी एक माप आहे. एक फूट म्हणजे १६ मिलिमीटर. म्हणजे दोन फुटी रूळ असतील तर बागेत ते ३२ मिलिमीटरचे होतात. आता आमचे साडू मूळचे नेरळचे, आणि १९०७ साली सुरू झालेल्या नेरळ-माथेरानचे रूळ बरोबर दोन फुटांचे. १९७४ साली लेस्टरला जाऊन राहिलेल्या माणसाला हा हिशेब कळल्यावर पुढे काय होणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

साडूंनी रूळ टाकले. मेव्हणीनं मेथीच्या वाफ्यापाशी सरहद्द आखून दिली. गाडी मात्र धावेना. कारण वीज रुळांतून जायची, आणि बागेतल्या रुळांवर काय नसतं? चिखल, पाला, दव, शिवाय गोगलगायी. रुळावर मळ चढला की वीज चाकांपर्यंत पोचत नाही आणि गाडी ऐन वळणावर बसकण मारते. मग रोज गुडघ्यावर बसून तीस मीटर रूळ घासायचे. साडूंचे गुडघे त्यांच्या पासपोर्टाइतकेच जुने. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "गुडघे किंवा गाडी."

यावर तोडगा एकच. वीज रुळांत न सोडता बॅटरी इंजिनाच्या पोटात ठेवायची आणि हुकूम रेडिओनं द्यायचे. दुकानात तसा तयार संच मिळतो, पण शंभरएक पौंडांना. साडूंना परदेशात पन्नास वर्षं झाली, तरी पौंडाचे रुपये करायची सवय काही सुटली नाही. त्यांनी मला फोन केला. "तपकीर गल्लीत जाल का हो?"

पुण्याच्या बुधवार पेठेतली तपकीर गल्ली म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सचं पंढरपूर. तिथे मी त्यांची यादी वाचून दाखवली. शांघायच्या कंपनीनं २०१६ साली काढलेला ईएसपी-३२ हा दोन बोटं रुंदीचा संगणक, मोटर चालवायची चिप, फ्यूज, वायरी. सगळं मिळून हजार रुपयांच्या आत. चीनमधून पुण्याला आलेला तो माल माझ्या बॅगेतून लेस्टरला गेला. तोच माल तिथं घरपोच मिळाला असता, हे मी साडूंना सांगितलं नाही. माझं तिकीट त्यांनी हिशेबात धरलं नव्हतं.

लिथियमच्या तीन बॅटऱ्या त्यांनी तिकडेच घेतल्या. एकीमागे एक जोडल्या की सुमारे अकरा व्होल्ट. मग स्वयंपाकघराच्या टेबलावर माझा वर्ग सुरू झाला. गाडी हळू चालवायची तर वीज कमी द्यायची, असं कोणालाही वाटेल. तसं नसतं. वीज पूर्ण द्यायची, पण सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून. आमच्या सोसायटीत पाणी पूर्ण दाबानं येतं पण दिवसातून अर्धाच तास, त्यातलाच हा प्रकार. प्रत्येक झटका पूर्ण जोराचा, म्हणून गाडी मुंगीच्या चालीनंही अडखळत नाही.

उलट-सुलट जाण्यासाठी चार स्विच. मोटर मधोमध, इंग्रजी एच अक्षरासारखी. समोरासमोरचे तिरके दोन चालू केले की गाडी पुढे, दुसरे दोन केले की मागे. एकाच बाजूचे दोन्ही एकदम चालू झाले तर धूर. घरातही एका बाजूच्या दोघांनी एकदम बोलू नये, ते यासाठीच. साडूंनी आधी जुन्या वळणाची एल-२९८ चिप लावून पाहिली. ती अकरातले दोन व्होल्ट स्वतःच खाते आणि वर तापते! असे लोक मी नोकरीत पुष्कळ पाहिले आहेत. तिला काढून नव्या पद्धतीची बसवली.

इंजिनातला संगणक स्वतःचंच वायफाय सोडतो. काच तडकलेल्या जुन्या मोबाईलवर एक पट्टी दिसते, ती सरकवली की गाडी चालते. गुडघे खुर्चीतच!

एक गोष्ट मात्र साडूंनी पहिल्यांदा लिहिली, बाकी सगळं नंतर. अर्धा सेकंद हुकूम आला नाही तर गाडीनं जागच्या जागी थांबायचं. ते तपासायला ते मोबाईल घेऊन पार रस्त्यापर्यंत गेले. गाडी मेथीपाशी गपकन थांबली. "हे ह्यांच्यात बसवता येईल का?" मेव्हणीनं विचारलं.

साडू परत आले आणि खुर्चीत बसले. म्हणाले, "आई गेल्याचं पत्र मला तेराव्या दिवशी मिळालं. तेरा दिवस मी ओव्हरटाइम करत होतो. हसतसुद्धा असेन. संपर्क तुटल्याचं माणसाला कळतच नाही हो."

मी काही बोललो नाही. मेव्हणी चहा ठेवायला आत गेली.

"नेरळ-माथेरान २००५च्या पावसात वाहून गेली होती," साडू थोड्या वेळानं म्हणाले, "२००७ला परत सुरू झाली. चला, साडेचारची सोडायची आहे."

साडेचारची गाडी साडेचारला सुटली. एवढ्या एका गोष्टीवरून ती नकली आहे हे ओळखू येत होतं.