हाडाचा तुकडा

२०२३ च्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एका चौदा वर्षांच्या मुलाचा पाय दुखू लागला. दोष प्रथम फुटबॉलच्या माथी मारला गेला. रात्री झोपेतूनही तो कण्हत उठू लागला तेव्हा एक्स-रे काढला आणि नडगीच्या हाडातून बायोप्सीचा तुकडा घेण्यात आला. अहवाल लांबतो असे पाहून मी प्रयोगशाळेतील एका परिचिताला फोन केला. "आईच्या डोळ्याला डोळा नाही, जरा घाई करा," असे सांगितले. धर्मगुरूने एवढी रदबदली करण्यात काही गैर आहे, असे मला वाटले नाही.

हाड कठीण. त्याचे पातळ काप काढण्यापूर्वी त्यातील चुना विरघळवावा लागतो. तीव्र आम्लात हे काम चटकन उरकते. ईडीटीएच्या सौम्य द्रावणात दिवसच्या दिवस जातात. परंतु आम्ल चुन्याबरोबर पेशींतील जनुकीय द्रव्याचाही नाश करते. आमचा तुकडा आम्लात गेला. (माझ्या फोनमुळे की तेथील रिवाजामुळे, हे विचारण्याचे धैर्य मला अद्याप झालेले नाही.) सूक्ष्मदर्शकाखाली लहान, गोल, निळ्या पेशी दिसल्या, पण तशा दिसणाऱ्या गाठी अनेक. त्यांतली ही कोणती, हे जनुकांनी सांगायचे, तर ती मुकी झालेली. मुलाला पुन्हा भूल द्यावी लागली.

दुसरा तुकडा मुंबईत तपासला गेला. तेथील डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवून समजावले. जेम्स ईविंग यांनी १९२१ मध्ये वर्णिलेल्या गाठीत बहुधा ११व्या व २२व्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन दोन जनुके एकमेकांना चिकटतात. दोन ग्रंथांची पाने सुटून एकाच बांधणीत शिवली जावीत, आणि त्यातून वाचता येईल असे भलतेच वाक्य तयार व्हावे, तसे काहीसे. पेशी ते वाक्य आज्ञा मानून वाढत राहते. आमच्या तुकड्यात तो जोड नव्हता. मग आरएनएचे वाचन केले, तेव्हा बीसीओआर आणि सीसीएनबी३ ही जनुके जोडलेली आढळली. हा जोड प्रथम २०१२ मध्ये नोंदला गेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या वर्गीकरणात या गाठींना स्वतंत्र स्थान मिळाले. बहुतेक रुग्ण किशोरवयीन मुलगेच. उपचार ईविंगच्या धर्तीवर : आधी केमोथेरपी, मग शस्त्रक्रिया.

ही दोन्ही जनुके एक्स गुणसूत्रावर असतात, असेही त्या बोलून गेल्या. मुलाला ते गुणसूत्र आईकडून मिळते, एवढे जीवशास्त्र मला आठवत होते. मी खाली पाहिले. आईने विचारलेच, "म्हणजे माझ्याकडूनच आलं का?"

"तुम्ही दिलंत ते धडच होतं, बाई. मोडलं ते त्याच्या पायात, एका पेशीत. तुमच्या रक्तात ते नाही."

आईने त्यांना ते पुन्हा एकदा सांगायला लावले.

परतताना गाडीत तिने मला विचारले, "फादर, मग पहिल्याच वेळी का नाही कळलं?" आम्लाचे मी लगेच सांगितले. फोनचे सांगितले ते वसईला फलाटावर उतरल्यावर. एक्स-रेचे पाकीट तिने काखेत नीट धरले.

"घाई तर मलाच होती, फादर," ती म्हणाली, आणि रिक्षा पाहू लागली.