उजेडाची रास

लातूरला बी.एस्सी. करून मी नांदेडला, विष्णुपुरीच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात एम.एस्सी.ला आले. प्रकल्पासाठी घेतलेला प्रश्न ऐकायला साधा होता: लेझरचा ठिपका मध्यापासून कडेपर्यंत सारखा उजळ कसा करायचा?

आधी ठिपका मोजला. बारीक छिद्रामागे फोटोडायोड बसवून तो मायक्रोमीटरने हळूहळू सरकवत नोंदी घेतल्या. डोळ्यांना एकसारखा वाटणारा हेलियम-निऑन लेझरचा तांबडा ठिपका आलेखावर घंटेसारखा उमटला: मध्यात प्रखर, कडेला विरत जाणारा. हाच गाउसचा वक्र.

शलाका भिंगांनी रुंद करून मधला भाग तेवढा घ्यावा, हा सोपा उपाय. पण गणित मांडल्यावर मी थबकले. कडेची तीव्रता मध्याच्या 90 टक्के हवी असेल, तर त्या वर्तुळात एकूण प्रकाशाचा 10 टक्केच भाग येतो. बाकी सगळा वाया!

प्रकाश न गमावता हे साधण्याची वाट फ्रीडन या शास्त्रज्ञाने 1965 साली दाखवली होती. खास वक्रतेचे पहिले भिंग मधले दाट किरण बाहेर सरकवते, खळ्यावरची ज्वारीची रास पसरावी तसे. दुसरे भिंग त्यांना पुन्हा समांतर करते. तशी भिंगे आमच्या आवाक्याबाहेरची होती. म्हणून मी जुन्या प्रोजेक्टरमधल्या लहान भिंगांच्या दोन जाळ्या वापरल्या. जाळी शलाकेचे तुकडे करते आणि पुढचे मोठे भिंग प्रत्येक तुकडा पूर्ण चौकोनावर पसरवते. एका तुकड्याची डावी बाजू उजळ, दुसऱ्याची उजवी; एकावर एक पडले की फरक मिटतो.

एलईडीचा उजेड सुरेख सपाट झाला. लेझर लावताच मात्र चौकोनात पट्टे उमटले, कारण एकाच शलाकेचे तुकडे आपसांत व्यतिकरण करतात. जाळीआधी फिरती दुधी काच ठेवली, तेव्हा पट्टे सतत बदलत राहिले आणि सरासरीत पुसले गेले.

शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो-इंडिया वेधशाळेच्या 4 किलोमीटरच्या भुजा होणार आहेत. तिथे घंटाकृती शलाकाच लागेल, कारण वक्र आरशांमध्ये ये-जा करताना तीच आपला आकार टिकवते. चिपवर नक्षी उमटवताना मात्र सपाट उजेडच हवा. आता लातूरला शिकवताना मी मुलांना आधी विचारते, प्रकाश कोणत्या कामासाठी हवा आहे? आकार त्यावरून ठरतो, आणि मग त्यासाठी किती प्रकाश गमवावा लागेल याचा हिशेब मुले स्वतः मांडतात.