घराची हद्द

उपनगरातल्या कौटुंबिक घराचा अभ्यास त्याच्या भिंतींपाशी थांबला तर अपुरा राहतो, हे विलेपार्ले पूर्वेच्या उदाहरणावरून विशेष स्पष्ट होते. १८९६च्या प्लेगनंतर मुंबईतील दाट वस्तीपासून दूर, मोकळ्या हवेत राहण्याची ओढ वाढली आणि लोकलच्या आधाराने साष्टी बेटावरील या गावात मराठी कुटुंबे येऊन स्थिरावू लागली. पुढे व्हरांडा, मागे विहीर आणि परसात नारळ-केळी अशी त्यांची घरे कोकणातील वाडीशी नाते सांगणारी होती. मात्र पार्ले १९५०पर्यंत मुंबई महापालिकेच्या हद्दीबाहेर असल्याने, शहरात सहज मिळणाऱ्या अनेक सोयी येथे रहिवाशांनाच उभ्या कराव्या लागल्या. लोकमान्य टिळकांच्या निधनानंतर १९२१ मध्ये पार्ले टिळक विद्यालय आणि १९२३ मध्ये लोकमान्य सेवा संघ स्थापन झाले, ते या गरजेतून आणि तितक्याच खऱ्या सार्वजनिक निष्ठेतून.

अशा घरात १९३०च्या सुमारास जन्मलेल्या व्यक्तीच्या आयुष्याचा माग घेतला, तर घराची हद्द वयागणिक कशी सरकते हे दिसते. बालपणी ती शाळेच्या पटांगणापर्यंत पोहोचते आणि वारा अनुकूल असला की पार्ल्यातल्या बिस्किटांच्या कारखान्याचा गोड वास तिच्यात आपोआप सामील होतो. तरुणपणी ती स्टेशनपर्यंत जाते, कारण १९२८ मध्ये कुलाबा-बोरिवली मार्गावर विजेच्या गाड्या धावू लागल्यापासून नोकरीचे ठिकाण आणि घर यांतील अंतर मैलांत नव्हे तर गाडीच्या वेळेत मोजले जाऊ लागले होते.

घराभोवतीच्या अशा सोयींचा सर्वांत मोठा लाभ घरातील स्त्रियांना झाला, आणि त्याची नोंद फारच कमी घेतली जाते. परतीच्या वाटेवर स्टेशनाबाहेरच मिळणारी भाजी, गल्लीतील पाळणाघर, चालत जाता येईल अशी शाळा आणि पुढील काळात आलेली पोळीभाजी केंद्रे यांमुळेच अनेक सुनांना नोकरी टिकवता आली. ओट्यावरचा एक तास वाचणे ही त्यांच्या दृष्टीने एखाद्या जास्तीच्या खोलीइतकीच मोलाची गोष्ट होती.

दरम्यान बंगल्यांच्या जागी सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या इमारती आल्या आणि आता त्यांचाही पुनर्विकास सुरू आहे. भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल हे ठरवणारा चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे रोजच्या बोलण्यातला एफएसआय, हा त्याचा पाया आहे. परंतु पार्ल्यालगतच्या विमानतळाच्या फनेल झोनमध्ये, म्हणजे विमानांच्या उतरण्या-चढण्याच्या मार्गाखालील पट्ट्यात, इमारतीच्या उंचीवर मर्यादा असल्याने मंजूर एफएसआयही पुष्कळदा पूर्ण वापरता येत नाही. नव्या संकुलांच्या जाहिरातींत व्यायामशाळा आणि क्लबहाउस कुंपणाच्या आत देऊ केलेले असतात. त्यांची सोय नाकारण्याचे कारण नाही, पण लोकमान्य सेवा संघाच्या टिळक मंदिरातील व्याख्यानाला किंवा दीनानाथ मंगेशकर नाट्यगृहातील प्रयोगाला पायी जाणाऱ्या वृद्धाला वाटेत जी माणसे भेटतात, ती तेथे भेटणे कठीण आहे. म्हणूनच इमारत पाडली जाताना पर्यायी भाड्याचे घर शोधणारी ज्येष्ठ मंडळी, इतरत्र त्याच पैशांत मोठी जागा मिळत असूनही, आधी पार्ल्यातच चौकशी करतात, आणि तीही डॉक्टर, भाजीवाला व ग्रंथालय यांच्यापर्यंत रिक्षाशिवाय जाता येईल अशा गल्ल्यांमध्ये.