वसंतांत काय पाहावें?

वसंत ऋतूवर निबंध लिहावयास सांगितला म्हणजे आमचे बहुतेक विद्यार्थी आम्रमंजरी, कोकिळेचें कूजन आणि मंद सुगंधी वारा यांवर पानभर मजकूर लिहून मोकळे होतात. त्यांत खोटें असें कांहीं नसतें. आंब्याला मोहोर येतो, कोकिळ ओरडतो, आणि फाल्गुनांतली पहाट गारही असते. परंतु तोच मजकूर बंगालच्या मुलानें लिहिला काय किंवा नगरच्या मुलानें लिहिला काय, त्यांत एका अक्षराचा फरक पडूं नये, ही गोष्ट मला नेहमीं खटकते. आपल्या देशावरचा वसंत कांहीं निराळा आहे. या दिवसांत आपल्याकडे माळ पिवळा पडतो, नद्यांचे प्रवाह बारीक होतात, पळसाला व पांगाऱ्याला नांवालाही पान उरत नाहीं, आणि त्या उघड्या फांद्यांवर तांबडीं फुलें पेटतात. पावसाळ्यानें जें जें झाकून ठेवलेलें असतें, तें तें वसंतांत उघडें पडतें. म्हणून ज्याला आपला महाराष्ट्र वाचावयाचा आहे, त्यानें तो या दिवसांत वाचावा असें माझें मत झालें आहे.

महाबळेश्वर, माथेरान हीं ठिकाणें सुंदर आहेत, आणि तेथें कोणीं जाऊं नये असें मी म्हणणार नाहीं. पण गेल्या कांहीं वसंतांत, सुटी मिळेल तशी, कधीं कुटुंबासह, कधीं विद्यार्थ्यांसह, मी ज्या पांच ठिकाणीं जाऊन आलों, त्यांची हकीकत विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस सांगावी अशी इच्छा आहे. पश्चिमेच्या समुद्रापासून आरंभ करून पूर्वेकडे जाऊं.

रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यांत वेळास नांवाचें लहानसें गांव आहे. नाना फडणिसांचें मूळ गांव म्हणून इतिहासाच्या विद्यार्थ्यांस तें ठाऊक असेल. सावित्री नदीच्या मुखावरील बाणकोटचा किल्लाही येथून जवळच आहे. परंतु फाल्गुन-चैत्रांत लोक येथें येतात ते समुद्री कांसवांचीं पिलें पाहण्यासाठीं. ऑलिव्ह रिडले जातीची मादी थंडीच्या दिवसांत रात्रीं किनाऱ्यावर येते, वाळूंत खड्डा करून त्यांत सुमारें शंभर अंडीं घालते, खड्डा बुजविते आणि समुद्रांत निघून जाते. पुढें तिची व पिलांची भेट नाहीं. पन्नास-पंचावन्न दिवस लोटले म्हणजे वरची वाळू हलूं लागते. पूर्वीं हीं अंडीं उकरून खाल्लीं किंवा विकलीं जात. २००२ सालीं चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनें ग्रामस्थांच्या साह्यानें त्यांचें रक्षण आरंभिलें. आतां तेच ग्रामस्थ अंडीं कुंपणाच्या आंत आणून पुरतात, पहाटे व सायंकाळीं पिलें वाळूवर सोडतात, आणि पाहुण्यांस आपल्या घरीं उतरवून घेऊन जेवूं घालतात.

आम्ही गेलों त्या सायंकाळीं अकरा पिलें निघालीं. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीनें त्यांतलें मागें राहिलेलें एक पिलूं उचलून पाण्यापर्यंत नेऊं का, म्हणून विचारलें. रखवालदार म्हणाला, “नको बाळ, त्याची वाट त्याला चालूं दे.” तें पिलूं दोनदां उलटें झालें, दोनदां सुलटें झालें, आणि अंधार पडतां पडतां लाटेनें त्याला उचललें. घरीं परत येईपर्यंत मुलगी त्याच्याविषयींच बोलत होती.

कोंकणांतून घाट चढून देशावर आलें म्हणजे दुसरें ठिकाण लागतें तें पारनेर तालुक्यांतील निघोज. २०२४ सालीं ज्याचें नांव अहिल्यानगर झालें, त्या आमच्या नगर जिल्ह्यांतच हें गांव आहे. येथें कुकडी नदीच्या पात्रांत काळ्या पाषाणाला शेंकडों रांजण पडलेले आहेत. कुंभारानें चाकावर फिरवून काढावे तसे ते गोल आणि आंतून गुळगुळीत आहेत. पावसाळ्यांत नदी भरून वाहते तेव्हां यांतलें थोडेंच दिसतें. पाणी उतरलें म्हणजे सगळा कारखाना पाहावयास मिळतो. नववीचा वर्ग घेऊन मी तेथें गेलों होतों. एका खळग्यांत मुलांनीं दोरी सोडली, ती वर्गांतल्या सर्वांत उंच मुलाच्या उंचीहून पुष्कळ खालीं गेली. “गुरुजी, हें कोरलें कोणीं?” असा प्रश्न आला. उत्तर शेजारच्या कोरड्या खळग्याच्या तळाशींच होतें. तेथें चार-पांच वाटोळे गोटे पडले होते. भोंवऱ्यांत सांपडलेला दगड त्याच जागीं फिरत राहतो, खालचा खडक झिजवितो, आणि स्वतःही झिजतो. तो झिजून संपला म्हणजे पुढच्या पुरांत दुसरा येतो. असें हजारों पावसाळे झालें. हें ऐकून वर्गांतला एक अबोल मुलगा बराच वेळ एक गोटा हातांत घेऊन बसला होता. निघतांना त्यानें तो होता तेथेंच ठेवून दिला. मीं त्याला तसें सांगितलें नव्हतें.

कुकडीचें पाणी घोड नदीस मिळतें, घोडचें भीमेस मिळतें, आणि भीमेचें पाणी १९८० सालीं पुऱ्या झालेल्या उजनी धरणांत अडतें. तेव्हां निघोजहून आपणही पाण्याच्या मागोमाग खालीं जाऊं. भिगवणजवळच्या उथळ पाण्यांत हिवाळ्यापासून वसंतापर्यंत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. रोहित आपली वांकडी चोंच उलटी करून पाण्यांत घालतो आणि चिखलांतले बारीक जीव गाळून घेतो. कुंभारगांवचे कोळी आपल्या होड्यांतून पाहुण्यांना हें सर्व लांबून दाखवितात. तें पाहण्याजोगें आहेच. परंतु उजनीस जाण्याचें माझें कारण निराळें होतें.

माझ्या वडिलांचें बालपण ज्या गांवीं गेलें, तें गांव या धरणाच्या पोटांत आहे. पाणी आलें तेव्हां ते ऐन पंचविशींत होते. माझा जन्म पुनर्वसनाच्या वसाहतींतला. लहानपणापासून मीं जुन्या गांवाचें नांव ऐकलें, पण तें गांव मला नकाशावर कधीं सांपडलें नाहीं. २०२३ चा पाऊस अपुरा झाला आणि पुढच्या वसंतांत धरणाचें पाणी फार खालीं गेलें. इंदापूर तालुक्यांतील पळसदेव येथील जुनें हेमाडपंती देऊळ, जें बहुतेक वर्षें पाण्यांत असतें, तें पायथ्यापर्यंत उघडें पडल्याचें वर्तमान आलें. तें वाचून वडील म्हणाले, “मला तिकडे घेऊन चल.” चाळीस-पंचेचाळीस वर्षांत त्यांनीं अशी मागणी केली नव्हती.

आम्ही कांहीं वाट होडीनें व कांहीं वाट भेगाळलेल्या गाळावरून गेलों. देवळाचे खांब, त्यांवरील कोरीव काम, शिखर, सर्व कांहीं उभें होतें. दगडांवर शिंपल्यांचा थर बसला होता. पुष्कळ लोक आले होते, व तसबिरी काढीत होते. वडिलांनीं देऊळ पाहिलें, आणि मग होडीवाल्यास विनंती केली, “मामा, जरा पलीकडच्या अंगाला घ्या.” अर्ध्या तासानें एका ठिकाणीं त्यांनीं होडी थांबविण्यास सांगितलें. तेथें दिसण्यासारखें कांहीं नव्हतें; चोहोंकडे पाणीच होतें. त्यांनीं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली, आणि शाळेंत हजेरी घ्यावी तसा एकेकाचा पुकारा करूं लागले. वरच्या आळीची विहीर. चावडी. चावडीपुढची चिंच. शाळेची एक खोली. आमचें घर, त्या घरांत आईचें जातें राहिलें, कारण गाडींत जागा नव्हती. मळ्याकडे जाणारी गाडीवाट. वाटेवरचा ओढा. ओढ्याला कांहींतरी नांव होतें. येथें ते थांबले. तें नांव त्यांना आठवेना.

परत येतांना मीं धरणाविषयीं कांहीं कडू बोललों असावा. ते म्हणाले, “पाण्याला दोष देऊं नकोस. याच पाण्यावर लोकांचा ऊस उभा आहे, सोलापूर शहर हेंच पाणी पितें. तें कोणाच्या घरावरून आलें, एवढें पिणारास ठाऊक असावें म्हणजे झालें.” त्या रात्रीं मीं त्यांनीं सांगितलेलें सर्व एका वहींत उतरून घेतलें. ओढ्याच्या नांवाची ओळ कोरी ठेवली. वडिलांचे थोरले बंधु आतां हयात नाहींत, त्या गांवचे इतर वृद्धही एकामागून एक गेले. ती ओळ अजून कोरीच आहे.

उजनीहून सोलापूरच्या रस्त्यानें पुढें जाऊन बार्शीकडे वळलें म्हणजे धाराशिव जिल्ह्यांतील तेर गांव गांठतां येतें. तेरणा नदीच्या कांठचें हें गांव म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतल्या एका ग्रीक प्रवासग्रंथांत तगराचें नांव आहे, आणि तेथील कापड गाड्यांतून भडोचच्या बंदराला जात असे असें त्यांत लिहिलें आहे. आज हें एक साधें खेडें आहे. परंतु वसंतांत शेतें मोकळीं झालीं म्हणजे गांवाभोंवतींच्या पांढरीच्या टेकाडांवर जुन्या खापरांचे तुकडे पायांखालीं करकरतात. ते उचलूं नयेत. पाहावयाचें तें तेथील रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयांत व्यवस्थित मांडलेलें आहे: भाजलेल्या मातीच्या मूर्ति, मणी, दिवे. येथेंच सांपडलेली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ति इटलींतील पाँपेई नगराच्या राखेंतून निघालेल्या मूर्तीशीं मिळतीजुळती आहे. विटांनीं बांधलेलें, हत्तीच्या पाठीसारख्या छपराचें त्रिविक्रमाचें देऊळ महाराष्ट्रांतील सर्वांत जुन्या उभ्या इमारतींपैकीं एक गणलें जातें, आणि मुळांत तें बौद्ध चैत्य असावें असें विद्वान मानतात. संत गोरा कुंभार याच गांवचे. दोन हजार वर्षें ज्या गांवची माती भाजून टिकली, त्या गांवचा संतही कुंभारच असावा, याचें मला मोठें कौतुक वाटलें.

शेवटचें ठिकाण दूर उत्तरेस, बुलढाणा जिल्ह्यांत आहे. तेरहून बीड व जालना या मार्गानें गेल्यास सबंध दिवस लागतो, पण वाटेवरचे फुललेले पळस तो दिवस वायां जाऊं देत नाहींत. लोणारचें सरोवर उल्का आदळून झालेलें आहे. काळ्या पाषाणांत पडलेला हा वर्तुळाकार खड्डा सुमारें १.८ किलोमीटर रुंद आहे. १८२३ सालीं अलेक्झांडर नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें त्याची नोंद केली. लोकांना तर तो लवणासुराच्या कथेमुळें पूर्वींपासूनच ठाऊक होता. याचें वय सुमारें पन्नास हजार वर्षें आहे असें मीं कॉलेजांत शिकलों. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या मापनाप्रमाणें तें सुमारें ५,७०,००० वर्षें ठरलें. पुस्तकांतलें ज्ञानही पुढें जात असतें, हें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें. सरोवराचें पाणी खारट व क्षारयुक्त आहे, आणि कांठावरच्या धारेचें पाणी मात्र गोड आहे. २०२० च्या जूनमध्यें, उन्हाळ्यानें पाणी आटून खारटपणा वाढला तेव्हां, सगळें सरोवर गुलाबी झालें. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें तपास करून, खारांत वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळें तसें झाल्याचें दाखविलें. ते जीव कांहीं नव्यानें आले नव्हते. पाणी कमी झाल्यामुळें त्यांची वाढ झाली आणि ते आपल्या नजरेस आले. त्याच वर्षीं रामसर करारान्वयें या सरोवराची आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांत गणना झाली.

आतां दोन शब्द व्यवहाराचे. हा प्रवास पहाटे व सायंकाळीं करावा, दुपार सावलींत काढावी. पिण्याचें पाणी जवळ बाळगावें. निघोजच्या खळग्यांच्या कडेवर उभें राहूं नये, व वरच्या धरणांतून पाणी सुटणार आहे काय, हें गांवांत विचारल्यावांचून पात्रांत उतरूं नये. वेळासला पिलांना हात लावूं नये. कोठेंही कचरा टाकूं नये व दगड-खापर उचलून आणूं नये.

आणि पालकांस एक विनंति आहे. शक्य असेल तर घरांतील वृद्ध माणसांस बरोबर न्यावें. न्यावयास जमलें नाहीं, तर मुलांनीं वहीपेन्सिल घेऊन त्यांच्याजवळ बसावें आणि त्यांच्या गांवच्या विहिरी, झाडें, वाटा व ओढे यांचीं नांवें विचारून घ्यावींत. आजोबांस आठवतें आहे तोंवरच हें काम होण्यासारखें आहे. जूनमध्यें शाळा उघडेल तेव्हां अशा वह्या पाहण्यास मला फार आनंद होईल. त्यांत कोकिळा नसली तरी चालेल.