यकृतातील पहारा

गेल्या पावसाळ्यात व्हायव्हॅक्स हिवतापाने आम्हांला अंथरुणाला खिळवले. चौथ्या दिवशी ताप उतरला. मग डॉक्टरांनी १४ दिवस घ्यायला सांगितलेल्या प्रायमाक्वीनच्या गोळ्या आम्ही निम्म्यावरच टेबलाच्या खणात टाकल्या. आगमनकाळात पुन्हा हुडहुडी भरली.

त्या सक्तीच्या विश्रांतीत जे वाचले, त्याने आम्ही ओशाळलो. डासाच्या मादीने दंश केला की हिवतापाचे परजीवी आधी यकृतात शिरून गुपचूप वाढतात. यकृतातील हा मुक्काम शॉर्ट व गार्नहॅम या संशोधकांनी १९४८ साली उघडकीस आणला. परंतु यकृताची पेशी निमूटपणे बसत नाही. आतील टाकाऊ गोष्टी पचवण्याची आपली यंत्रणाच ती त्या घुसखोराभोवती आवळू पाहते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या, उंदरांवरील प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसली : पेशी परजीवीचा आरएनए ओळखते आणि इंटरफेरॉनच्या द्वारे हाक देते. शेजारच्या पेशी सावध होतात, रक्तातील रक्षक पेशी धावून येतात.

तरीही काही परजीवी निसटतात. व्हायव्हॅक्सचे काही तर यकृतातच कित्येक आठवडे, महिने निद्रिस्त राहतात आणि पुढे जागे होतात. त्या झोपलेल्यांसाठीच उरलेल्या गोळ्या होत्या! ताप गेला म्हणजे रोग गेला, असे आम्ही मानले होते.

वाचकहो, एवढीशी पेशी आपला पहारा सोडत नाही. तिला मदत हवी होती, ती आमच्या खणात पडून होती. या खेपेस आम्ही चौदावी गोळीही घेतली.