भामरागडचे विरजण

भामरागडला निघालो तेव्हा आमच्या घरच्या मंडळींनी दोनच सूचना दिल्या होत्या. पाणी उकळून प्या, आणि तिकडचे दुसरे काही पिऊ नका! दुसरी सूचना देताना त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिले.

आलापल्ली सोडली की सागवानाचे दाट रान सुरू होते. हेमलकसा मागे पडते. बाबा आमट्यांनी १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला तो येथेच. पुढे थोड्याच अंतरावर भामरागड. पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती या तीन नद्यांचा तेथे संगम आहे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला, की भामरागडचा संपर्क तुटल्याची बातमी आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. मी गेलो माघात. नद्या अगदी शहाण्यासारख्या वाहत होत्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे एका माडिया आजोबांबरोबर गोरग्याच्या झाडाखाली उभा राहिलो. गोरगा म्हणजे आपला भेरली माड. माशाच्या शेपटीसारखी पाने आणि घोड्याच्या शेपटासारखा लोंबणारा फुलोरा. त्या फुलोऱ्याचा दांडा कापून खाली मडके बांधतात. रात्रभर रस ठिबकतो. आजोबा या वयातही झाडावर सरसर चढले आणि मडके घेऊन उतरले. पहिले थेंब त्यांनी पूर्वजांच्या नावाने जमिनीवर सोडले आणि मग पानाचा द्रोण माझ्यापुढे केला.

मला सूचना आठवली. आजोबा हसले. "घ्या भाऊ, आता हा गोडच आहे. संध्याकाळी घ्याल तर मात्र तो बोलू लागेल!"

घेतला. शहाळ्याच्या पाण्यात कुणी साखर विरघळवली असावी तशी चव.

हल्ली आपल्या शहरांत घरच्या घरी बिअर करण्याचे वेड काही तरुणांना लागले आहे. सातू भिजवायचे, मोड आणायचे, वाळवून भरडायचे, मग गरम पाण्यात ठेवून त्यातल्या पिठाची साखर होऊ द्यायची. एवढी यातायात करून शेवटी यीस्ट विकत आणायचे. गोरग्यात साखर झाडच तयार करून देते आणि यीस्ट हवेतून, झाडावरून आपोआप येते. हे सूक्ष्म जीव साखर खातात आणि मद्यार्क करतात. पाश्चरने १८७६ साली बिअरवर अख्खा ग्रंथ लिहिला तो याच जीवांच्या करणीवर.

"मडके घासत नाही का?" मी विचारले.

"घासले तर उद्याचा रस उशिरा चढेल," आजोबा म्हणाले.

म्हणजे हे विरजणच की! दह्याची कवडी राखून ठेवणारी आमची आजी मला तेथे, त्या रानात आठवली.

परतताना आजोबांच्या सुनेला मी जरा आगाऊपणानेच विचारले, "जिल्ह्यात दारूबंदी आहे ना?" ती काम थांबवून म्हणाली, "बंदी आम्हां बायांनाच पाहिजे होती, दादा. गोरग्याचा फुलोरा संपला की रस संपतो. मोह चैत्रात गळतो, नंतर नाही. पण गुळाची दारू बारा महिने मिळते. ती माणसाला थांबू देत नाही."

गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी झाली, ती जिल्ह्यातल्याच लोकांच्या चळवळीमुळे. तिच्यात बायका पुढे होत्या. मोहफुलांचा संग्रह आणि वाहतूक यांवरची बंधने सरकारने २०२१ साली शिथिल केली. देवाला वाहायचा थेंब आणि बाजारात विकायचा डबा यांतला फरक कायद्याला पुरता कळणे अवघड आहे. त्या बाईला तो चुलीपाशी बसून कळला होता.

गोरग्याला पहिला फुलोरा यायला दहा-पंधरा वर्षे लागतात. मग वरून खाली एकेक फुलोरा येत जातो, आणि सर्वांत खालचा फळून संपला की झाड मरते. आजोबांच्या झाडाचे दोन फुलोरे उरले होते. शेजारी त्यांनी एक रोप राखले होते, गुडघाभर उंचीचे.

"याचा रस कोण पिणार?" मी विचारले.

"नातू," ते म्हणाले, आणि रोपाभोवतीचे कुंपण नीट करू लागले.

घरी आल्यावर मंडळींनी विचारलेच, "काही प्यालात का?" मी खरे ते सांगितले. सगळे ऐकून घेऊन त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि नेहमीसारखे दुधाला विरजण लावू लागल्या. मी मात्र त्या दिवशी प्रथमच ते जवळ उभा राहून पाहिले.